सुरक्षेचं धोरण : लिहायचं कोणी, वाचायचं कोणी?

(पवई येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, हे आधीच मान्य करून टाकू. ‘कामाच्या ठिकाणचं आरोग्य व सुरक्षा धोरण’. असं धोरण कसं लिहावं याचे नमुने हल्ली हवे तितके मिळतात. कंपनीचं नाव बदलायचं, तारीख घालायची, सही करायची, फ्रेम करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावायचं. पाच मिनिटांचं काम. मग त्यासाठी तासाभराचं व्याख्यान कशाला?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे एक खोड जडलेली आहे. कसं लिहावं, या प्रश्नाआधी ‘ही वस्तू मुळात आहे काय’ हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. भिंतीवरचा तो कागद म्हणजे काय आहे? माहिती आहे? जाहिरात आहे? कायद्याची पावती आहे? की कुणीतरी कुणालातरी दिलेला शब्द आहे? आणि शब्द असेल, तर तो कोणी कोणाला दिलेला आहे?

या प्रश्नाचं उत्तर व्याख्येतून मिळत नाही, इतिहासातून मिळतं. आणि हा इतिहास आपल्या मुंबईतला आहे. म्हणून आज आपण एका कागदाचा इतिहास बघू.

चिमण्या वर आल्या तेव्हा

मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली ती 1850 च्या दशकात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची चिमणी हे शहराचं चिन्हच झालं. त्या काळात कामाचे तास ठरलेले नव्हते. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. दिव्यांची सोय नव्हती म्हणून रात्र तेवढी मोकळी. आठवड्याची सुट्टी नव्हती. सहा-सात वर्षांची मुलं कामावर होती.

1875 मध्ये मुंबई सरकारने पहिलं कारखाना आयोग नेमलं. यामागे नुसती करुणा होती असं कोणी समजू नये. लँकशायरच्या कापड उत्पादकांना मुंबईच्या स्वस्त मालाची स्पर्धा नको होती, म्हणून तिकडून दबाव होता. इथल्या अनेक पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यामुळेच कारखाना कायद्याला विरोध केला. स्वदेशी उद्योगाच्या गळ्याला फास लावायचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखा एखादाच माणूस असा निघाला की ज्याने स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला आणि सरकारच्या मागे लागला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. चांगला नियम वाईट हेतूने येऊ शकतो. आणि चांगल्या हेतूने, देशाभिमानाने, त्या नियमाला विरोधही होऊ शकतो. या दोघांच्या भांडणात, ज्याचा हात यंत्रात जातोय त्याला कोणीच विचारत नाही.

1881 चा पहिला कारखाना कायदा आला तो असा. 100 किंवा अधिक माणसं आणि यांत्रिक शक्ती असलेल्या कारखान्यांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना काम देऊ नये. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको. त्यांना तासाभराची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं. अपघात झाला तर कळवावं. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल अक्षर नाही.

तरी ‘कुंपण घाला’ आणि ‘कळवा’ या दोन आज्ञा महत्त्वाच्या आहेत. पहिली आज्ञा म्हणते, धोका यंत्रात आहे. नुसता माणसाच्या गाफीलपणात नाही. दुसरी म्हणते, गिरणीच्या भिंतीआड जे घडलं ते मालकाचं घरगुती प्रकरण नाही. आजच्या सगळ्या सुरक्षाशास्त्राचं बी या दोन वाक्यांत आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

परळची पाच कलमं

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. 1884 मध्ये सरकारने दुसरा आयोग नेमला. आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सभेत एक निवेदन तयार झालं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

त्या निवेदनात पाच मागण्या होत्या. त्या आपण सावकाश, एकेक करून घेऊ.

एक : रविवारी सगळ्यांना सुट्टी असावी. दोन : दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तीन : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. चार : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. आणि पाच : कामावर जबर जखम होऊन माणूस काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, कायमचा अधू झाला, तर त्याच्या चरितार्थाची योग्य व्यवस्था करावी.

आम्ही असं म्हणू इच्छितो की, मुंबईतलं एक अगदी आरंभीचं आणि खरंखुरं ‘आरोग्य व सुरक्षा धोरण’ हेच आहे. त्याला कोणी तसं नाव दिलं नाही. पण बघा ना, त्यात विश्रांती आहे, कामाचे तास आहेत, अपघातानंतरची जबाबदारी आहे. आणि पगार वेळेवर देणं हे सुद्धा त्यात आहे! आजच्या कुठल्या सुरक्षा धोरणात पगाराची तारीख असते? पण त्या लोकांना ठाऊक होतं की पगार तटला की माणूस सावकाराकडे जातो, अर्धपोटी राहतो, आणि अर्धपोटी माणूस फिरत्या पट्ट्याजवळ उभा राहतो. आज आपण ज्याला ‘धोक्याचं मूल्यांकन’ म्हणतो, ते त्यांनी स्वतःच्या देहावरून केलेलं होतं.

दुसरी गोष्ट अशी की, हे निवेदन खालून वर गेलं. ज्याला इजा होते त्याने लिहिलं, आणि ज्याच्या हाती बंदोबस्त आहे त्याला वाचायला दिलं. आजच्या धोरणाचा प्रवास बरोबर उलटा असतो. हा फरक ध्यानात ठेवू, शेवटी त्याकडे परत यायचं आहे.

रविवारची सुट्टी मिळायला सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 1890 सालात गिरणीतल्या बाया व्यासपीठावर उभ्या राहून बोलतात, ही केवढी गोष्ट आहे! 10 जून 1890 ला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, 1891 च्या कायद्यात ती आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, आणि मुलांचं किमान वय नऊ झालं. लोखंडे 1897 मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

आणि पाचवी मागणी? तिला चाळीस वर्षं लागली.

नशीब आणि नियम

चाळीस वर्षं का लागली, हा प्रश्न नुसत्या राजकारणाचा नाही. त्याच्या मुळाशी एक तात्त्विक गाठ आहे.

आपल्याकडे कुणाचा हात गेला की म्हणायची पद्धत आहे, ‘त्याच्या नशिबातच होतं’, ‘होणारं कोण टाळणार’. हे आपल्या अज्ञानाचं लक्षण, असं म्हणून मोकळं व्हायची घाई नको. इंग्लंडच्या न्यायालयांतही याचाच कोटबूट घातलेला अवतार होता. कामगाराने नोकरी पत्करली, म्हणजे तिच्यातला धोकाही त्याने राजीखुशीने पत्करला. चूक सोबतच्या कामगाराची असेल, तर मालक जबाबदार नाही. जखमी माणसाचा स्वतःचा थोडासा जरी गाफीलपणा असला, तरी दावा खलास. या तीन तटबंद्या पार करून भरपाईपर्यंत पोचणारा माणूस विरळा. आपण प्रारब्ध म्हणत होतो, ते संमती म्हणत होते. जखमेचा मालक मात्र दोन्हीकडे तोच.

1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला आणि हा विचार पालटला. ना. म. जोशी तेव्हा केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगच्या कामातून त्यांनी गिरणगाव जवळून पाहिलेलं होतं. या कायद्याने प्रश्नच बदलला. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न मागे गेला आणि ‘इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का?’ हा पुढे आला. दारूच्या नशेसारखे काही अपवाद सोडले, तर दोष सिद्ध करण्याचं ओझं जखमी माणसाच्या डोक्यावरून उतरलं. लोखंड्यांनी मागितलेला पूर्ण पगार मिळाला नाही, निम्म्याच्या आसपास मिळाला. पण तत्त्व मान्य झालं. कापडाच्या किमतीत कापूस धरला जातो, कोळसा धरला जातो, तशी विणणाऱ्याची तुटलेली बोटंही धरली गेली पाहिजेत.

धोट्याचा दोरा

इथे आपण एका जागी थोडं थांबू. सुरक्षेच्या इतिहासात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

गिरणीत विणकामाच्या खात्यात साचेवाला काम करतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून दोरा श्वासाने ओढून घेणं. दिवसातून कितीतरी वेळा. दोऱ्याबरोबर कापसाची धूळ आणि खळ तोंडात जायची. एकच धोटा वेगवेगळ्या पाळ्यांत वेगवेगळ्या माणसांच्या तोंडाला लागायचा. इंग्लंडमध्येही हीच रीत होती आणि आरोग्याच्या कारणाने तिच्यावर टीका होत होती.

मुंबईत या रिवाजावर काय उपाय निघाला? रिवाज बंद करावा, असं कोणाला सुचलं नाही. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात येऊ द्यायचं नाही, हा उपाय निघाला! कारण त्यांच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा? विणकाम हे गिरणीतलं चांगल्या पगाराचं खातं. त्याची दारं या कारणाने दलित कामगारांना बंद राहिली. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांच्या हक्कांची भाषा करणाऱ्यांना ही मागणी पुढे करणं जड जात होतं.

यातला तर्क नीट पाहा. एक धोकादायक रीत आहे. ती बदलणं शक्य आहे, त्यासाठी धोट्याची घडण बदलावी लागेल. पण त्यापेक्षा माणूस बाहेर काढणं सोपं, म्हणून माणूस बाहेर काढला. आणि त्याला वर शुद्धतेचं, म्हणजे जवळजवळ आरोग्याचंच, नाव दिलं. तेव्हा ‘आरोग्य’ आणि ‘सुरक्षा’ हे शब्द ऐकले की आपण लगेच मान डोलवायची नसते. कुणाचं आरोग्य, आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे विचारायचं असतं. आजही एखाद्या खात्यात ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ बायकांना घेत नाहीत, किंवा ज्याला दम लागतो त्याला कामावरून कमी करतात आणि धूळ मात्र होती तिथेच राहते. तर्क तोच.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. त्याची तयारी त्यांच्याच कारकिर्दीतली.

1948, आणि आपली पवई

आता आपण गिरणगावातून उत्तरेला, इथे पवईला येऊ. 1948 साली पवईत काय होतं? तलाव होता, 1890 च्या सुमारास बांधलेला. बाकी दलदल आणि रान. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांच्या कंपनीने त्या साली इथे 55 एकर जागा घेतली. पुढे 1958 मध्ये आयआयटी आली. 1963 मध्ये विहार तलावाच्या बाजूला औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, म्हणजे नीटी आली. ती आता आयआयएम मुंबई झाली आहे.

आणि त्याच 1948 मध्ये स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा झाला. 1 एप्रिल 1949 पासून लागू. म्हणजे पवईचं औद्योगिक वय आणि या कायद्याचं वय जवळजवळ सारखं. हा कायदा फार बारकाईने लिहिलेला आहे. एकच उदाहरण देतो. चालू यंत्राजवळ जाऊन तेलपाणी करायची वेळ आली, तर ते काम फक्त प्रशिक्षित प्रौढ माणसाने करायचं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकून किती माणसं ओढली गेली असतील, तेव्हा हे वाक्य लिहिलं गेलं असेल! कायद्याचं असं प्रत्येक कलम म्हणजे कोणाच्यातरी अपघाताची समाधी असते.

पण या बारकाईची एक मर्यादा होती. कायदा मालकाला सांगतो : हे कर, ते कर, इतक्या फुटांचा कठडा घाल. मालक तेवढं करतो आणि थांबतो. यादीत नसलेल्या धोक्याचं काय?

धोरण नावाची गोष्ट कुठून आली

हाच प्रश्न ब्रिटनमध्ये लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीने 1972 मध्ये हाताळला. त्यांचं म्हणणं असं की नियम फार झालेत, आणि अपघातांचं मोठं कारण बेफिकिरी आहे. तेव्हा उद्योगाने स्वतःची जबाबदारी स्वतः ओळखावी आणि आपलं धोरण स्वतः लिहून काढावं. त्यातून 1974 चा ब्रिटिश कायदा झाला. प्रत्येक मालकाने सुरक्षेचं लेखी धोरण तयार करावं, वेळोवेळी सुधारावं आणि कामगारांच्या नजरेस आणावं, असं कलम त्यात आलं. आपल्या भिंतीवरच्या कागदाचा हा थेट पूर्वज.

यातला एक विरोधाभास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हेच रॉबेन्स 1966 साली ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर कोसळला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. त्या ढिगाऱ्याबद्दल गावकऱ्यांनी आधी इशारे दिलेले होते. उद्योगाने स्वतःला सांभाळावं, असं सांगणाऱ्या माणसाच्याच मंडळाला गावकऱ्यांचा आवाज ऐकू आला नव्हता.

आपल्याकडे धोरणाचं कलम आलं ते भोपाळनंतर. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. आज आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. 1982 मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या पथकाने त्या कारखान्याची पाहणी करून दोष लिहून दिलेले होते. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने शहराला धोका असल्याचं छापलेलं होतं. म्हणजे कागद होते. पण त्या रात्री वायूच्या टाकीची शीतयंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीमुळे निकामी होता. कागद जागेवर आणि यंत्रणा बंद, अशी ती अवस्था.

1987 च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात 7-क हे कलम आलं. भोगवटादाराने, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्या माणसाने, आरोग्य व सुरक्षेबाबत आपलं सर्वसाधारण धोरण आणि ते राबवण्याची व्यवस्था लेखी तयार करावी, गरजेप्रमाणे सुधारावी, आणि सर्व कामगारांच्या निदर्शनास आणावी. शब्दरचना ब्रिटिश कायद्याशी जवळजवळ जुळणारी. पण सोबत आणखीही काही आलं, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. कामगारांच्या बरोबरीच्या सहभागाची सुरक्षा समिती आली. आणि नजीकचा धोका दिसला तर तो सांगायचा हक्क कामगाराला मिळाला. बांधकाम क्षेत्रासाठी 1996 चा कायदा आला. त्याच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत 50 किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनेने लेखी धोरण करावं, असं सांगितलं आहे. आता या सगळ्या जुन्या कायद्यांच्या जागी 2020 ची संहिता आली असून 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली आहे.

विधान की वचन?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हा कागद म्हणजे काय?

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. काही वाक्यं जगाचं वर्णन करतात. ‘बाहेर पाऊस पडतोय.’ ती खरी असतात किंवा खोटी. पण काही वाक्यं उच्चारणं हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ असं म्हणताना आपण कशाचं वर्णन करत नाही, वचन देत असतो. अशी वाक्यं खरी-खोटी नसतात. ती पाळली जातात किंवा मोडली जातात.

आमचं म्हणणं एवढंच आहे की, सुरक्षा धोरण हे वचन आहे, पण आपण ते विधानासारखं लिहितो. ‘आमच्या संस्थेत सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य दिले जाते.’ हे वाक्य बघा. कोण देतं? कोणाला? ते मोडलं, हे ओळखायचं कसं? जे वचन मोडताच येत नाही, ते दिलेलंच नसतं. आता लोखंड्यांचं वाक्य आठवा : बरा होईपर्यंत पूर्ण पगार. हे वाक्य मोडता येतं. म्हणूनच ते पाळताही येतं.

दुसरी एक गंमत. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. 1966 मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी कारखान्यांतून सामूहिक शपथ घेतात. कामगार हात पुढे करून म्हणतात, मी नियम पाळीन. चांगलं आहे. पण कायद्याने वचन द्यायचं आहे ते भोगवटादाराने. धोरणाचा कागद त्याचा, आणि शपथ मात्र घेणार बहुतेक करून कामगार! वचन देणारा आणि घेणारा यांची हळूच अदलाबदल होऊन जाते. मग अपघात झाला की चौकशीत पहिला प्रश्न येतो, ‘हेल्मेट घातलं होतं का?’ 1923 मध्ये मागे टाकलेला ‘चूक कोणाची’ हा प्रश्न मागच्या दाराने आत येतो, तो असा.

आज पवईत लिहायला बसलो तर

कोणी म्हणेल, सर, हे ठीक, पण सोमवारी ऑफिसात गेल्यावर लिहायचं काय? विचारणं बरोबर आहे. इतिहासाने दिलेल्या चार कसोट्या सांगतो.

पहिली : धोरण लिहिण्याआधी खाली जा. ज्याला इजा होऊ शकते त्याला विचारा. शिडी कुठे हलते, गॅस कुठे कोंडतो, रात्रपाळीला कोण एकटा असतो. हे त्याला माहीत असतं, सल्लागाराला नसतं. परळच्या सभेचं काम हेच होतं.

दुसरी : भाषा. नियमांचा हेतू असा की बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत धोरण लावलं जावं. आज पवईच्या टॉवरांच्या बांधकामावर मराठीइतकीच, किंबहुना जास्तच, हिंदी, भोजपुरी, बंगाली, उडिया ऐकू येते. सफाईवाल्या बायका, लिफ्ट दुरुस्त करणारी पोरं, सुरक्षारक्षक, सगळे कंत्राटाचे. रिसेप्शनची इंग्रजी फ्रेम यांच्या वाटेवरही येत नाही, कारण ते मागच्या दाराने येतात. घेणाऱ्याला न कळणारं वचन देता येत नाही. वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवावं लागेल, आणि नंतर त्याच्या तोंडून ऐकून घ्यावं लागेल.

तिसरी : प्रत्येक वाक्यापुढे नाव आणि पैसा. ‘टाकी साफ करण्यापूर्वी हवा तपासली जाईल.’ कोण तपासेल? यंत्र कुठल्या कपाटात आहे? ते बिघडलं तर काम थांबवायचा हुकूम कोण देईल, आणि थांबलेल्या वेळेचा रोज कोण भरेल? सांडपाण्याच्या टाकीत उतरून माणसं मरतात. तेव्हा एकजण कोसळल्यावर त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, हे आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. तिथे शौर्य कमी पडत नाही. कोणीही उतरू नये, हे ठामपणे सांगणारा आणि यंत्र आणून देणारा माणूस कमी पडतो.

चौथी : काम थांबवणाऱ्याचं रक्षण. धोका दिसला म्हणून ज्याने बटण बंद केलं, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवणार नाही, हे धोरणात स्पष्ट लिहा. बाकी सगळं गाळलं तरी चालेल, हे गाळू नका.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सर्वांत बोचतो. 1881 चा कायदा 100 माणसांच्या कारखान्यासाठी होता. 1891 मध्ये 50 झाले. 1948 मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 10. साठ-सत्तर वर्षं हा आकडा खाली येत गेला, म्हणजे कायद्याची सावली लांब होत गेली. नव्या संहितेत कारखान्यासाठी तो 20 झाला आहे. इतर आस्थापनांसाठी 10 ची मर्यादा आहे. पण ज्या गाळ्यात सात-आठच माणसं आहेत, तो साधारणपणे दोन्हींच्या बाहेर राहतो. आणि आपल्या पवईच्या वेशीवर, चांदिवली-साकीनाक्याच्या गल्ल्यांत, असे गाळे किती आहेत ते चालत गेलं तरी दिसतं. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे खैरानी रोडवर एका फरसाणच्या गाळ्याला आग लागली. 12 कामगार गेले. तिथेच काम, तिथेच झोप. त्यांच्यासाठी कामाची जागा आणि घर यांत भिंतच नव्हती.

पवईतल्या मोठ्या कंपन्यांची धोरणं आज बरीच नेटकी असतात, हे मान्य करायला हवं. पण त्यांच्या कॅन्टीनला माल पुरवणारा, पॅकिंगची खोकी करणारा, भंगार उचलणारा माणूस या गल्ल्यांतून येतो. मोठ्या गेटच्या आतली सुरक्षा काही अंशी धोका गेटबाहेर ढकलून मिळवलेली असेल, तर ती धोट्याच्या दोऱ्याचीच गोष्ट झाली. रीत तीच ठेवायची, माणूस तेवढा नजरेआड करायचा. म्हणून ज्याला खरं धोरण लिहायचं आहे, त्याने आपल्या पुरवठादाराच्या गाळ्याला मागचं दार आहे का, माळ्यावर कोण झोपतं, सिलिंडर कुठे ठेवलाय, हे प्रश्न कंत्राटात घालावेत. कायदा तिथे पोचत नसेल, पण खरेदीची ऑर्डर पोचते.

लोखंड्यांच्या निवेदनावरच्या साडेपाच हजार सह्यांपैकी कित्येक अंगठे असतील. लिहिता न येणाऱ्या माणसांनी, आपल्याला काय हवं ते अगदी मोजून सांगितलं होतं : इतका वेळ, इतका पगार, या तारखेच्या आत. आपल्या हाताखाली किंवा आपल्या सोसायटीत जी माणसं काम करतात, त्यांना या आठवड्यात एकदा विचारून बघा, की त्यांची पाच कलमं कोणती. उत्तर मिळालं की धोरण निम्मं लिहून झालं. उरलेल्या निम्म्याखाली सही कोणाची हवी, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.